कंद लावताय? आधी आपल्या गावचा पाऊस बघा

फोनवर ‘फुलांचे कंद कधी लावावेत’ असं शोधून बघा. बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळेल: ऑक्टोबर. हे उत्तर खोटं नाही, पण ते हॉलंड किंवा इंग्लंडमधल्या बागेसाठी आहे. तिथे ऑक्टोबरमध्ये कंद मातीत जातात, थंडीभर झोपून राहतात आणि वसंतात फुलतात.

आता हेच उत्तर वाचून तुम्ही कुंभकोणमच्या गॅलरीत ऑक्टोबरमध्ये कंद लावलेत, तर काय होईल? थोड्याच दिवसांत तिथला मोठा पाऊस सुरू होईल. कुंडीतली माती दिवसचे दिवस ओली राहील. महिन्याभराने काहीच उगवलं नाही म्हणून उकरून बघाल, तर हाताला मऊ, घाण वास येणारा लगदा लागेल. मग आपण म्हणतो, “माझ्या हाताला झाडंच लागत नाहीत.” हाताचा यात काही दोष नसतो. वेळ चुकलेली असते.

म्हणून हा लेख कुंभकोणम डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. तंजावरच्या पट्ट्यात मराठी कुटुंबं तीनशेहून जास्त वर्षं राहत आहेत. व्यंकोजीराजांच्या काळापासून पुढे तिथे गेलेल्या अनेक घरांत आजही मराठी बोलली जाते. घरात भाषा मराठी असली तरी दारातल्या मातीचं कॅलेंडर मात्र तमिळ आहे. पुण्या-मुंबईच्या किंवा नागपूरच्या वाचकांनीही वाचत राहा. जिथे तुमच्या तारखा वेगळ्या आहेत, तिथे त्या सांगितल्या आहेत.

कंद म्हणजे झाडाची शिदोरी

स्वयंपाकघरातल्या टोपलीतला कांदा बघा. माती नाही, पाणी नाही, तरी त्याला हिरवा कोंब फुटतो. कारण कोंबाला लागणारं अन्न आणि पाणी कांद्याने आधीच साठवून ठेवलेलं असतं. निशिगंधाचा कंद, हळदीचा गड्डा, अळूची अळकुडी ही सगळी अशीच शिदोरी आहे.

या झाडांचे वर्षात दोन काळ असतात. एक वाढीचा, तेव्हा त्यांना ऊन, पाणी आणि खत हवं असतं. दुसरा विश्रांतीचा, तेव्हा पानं सुकतात आणि कंदाला कोरडं राहायचं असतं. वाढीच्या काळात भरपूर पाणी चालतं, कारण मुळं ते ओढून घेतात आणि पानं बाहेर टाकतात. झोपलेल्या कंदाला मुळंही नसतात आणि पानंही नसतात. त्याच्याभोवती पाणी साचलं की तो कुजतो.

यातून एकच नियम निघतो: तुमच्या गावचा मुख्य पाऊस सुरू होण्याआधी कंद जागा झालेला हवा.

कुंभकोणमचं घड्याळ वेगळं का चालतं?

महाराष्ट्रात मुख्य पाऊस जून ते सप्टेंबर. कावेरीच्या खोऱ्यातल्या या सखल भागात तेव्हा अधूनमधून संध्याकाळच्या वळवासारख्या सरी येतात, पण नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचं बरंचसं पाणी पश्चिम घाटातच पडून जातं. कुंभकोणमचा खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये, बंगालच्या उपसागरावरून येणाऱ्या ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतो. त्यात वादळंही असतात. नोव्हेंबर २०१८ मधलं ‘गज’ चक्रीवादळ तंजावर-नागपट्टिनमच्या लोकांना चांगलं आठवत असेल.

तिथल्या शेतीने मात्र यावर तोड काढली आहे. पाऊस उशिरा येतो, पण नदीचं पाणी आधी येतं. वरच्या खोऱ्यातल्या पावसाचं पाणी मेट्टूर धरणात साठतं आणि खालच्या शेतीसाठी १२ जूनला धरण उघडायची प्रथा आहे. पुढे आडी महिन्यात, म्हणजे साधारण मध्य जुलै ते मध्य ऑगस्टमध्ये, पेरणीचा हंगाम साधायचा असं तमिळ शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत.

तुमच्या गॅलरीनेही हेच करायचं आहे. जून-जुलैमध्ये कंद लावले, तर पाणी किती द्यायचं ते तुमच्या हातात असतं. नोव्हेंबरमध्ये ते आभाळाच्या हातात जातं. तोपर्यंत तीन-चार महिन्यांचं झाड मुळं धरून, पानं पसरून तयार असतं.

महाराष्ट्रातल्या वाचकांनी हाच हिशेब दीड-दोन महिने अलीकडे आणावा. तुमचा पाऊस जूनमध्ये येतो, त्यामुळे निशिगंध एप्रिल-मेमध्ये आणि हळद मेच्या मध्यापासून लावा.

जागा छोटी आहे? आधी ऊन मोजा

कुंभकोणमची जुनी घरं पुढून अरुंद आणि आत लांबच लांब. सारंगपाणी सन्निधी रस्त्यावरचं गणितज्ञ श्रीनिवास रामानुजन यांचं घर ज्यांनी पाहिलं असेल, त्यांना हा आकार लगेच कळेल. पुढे ‘तिण्णै’, म्हणजे आपला ओटा, आणि अनेक घरांत मधोमध ‘मुट्रम’, म्हणजे आपला चौक. आता कित्येक कुटुंबं फ्लॅटमध्ये राहतात आणि त्यांच्या वाट्याला एक गॅलरी किंवा गच्चीचा कोपरा येतो. तेवढी जागाही कंदांना पुरते. फक्त तिथे ऊन किती येतं ते आधी बघा.

एखाद्या सुट्टीच्या दिवशी सकाळी आठपासून दर तासाला त्या जागेचा फोटो काढा. संध्याकाळी फोटो ओळीने बघितले की किती तास ऊन पडलं ते कळेल. पाच-सहा तास असेल तर निशिगंध आणि लिली, तीन-चार तास असेल तर हळद आणि अळू.

एक गंमत लक्षात ठेवा. उत्तरेकडच्या गॅलरीत ऊन येत नाही, असं आपण धरून चालतो. पण कुंभकोणम विषुववृत्तापासून जेमतेम ११ अंश उत्तरेला आहे. त्यामुळे एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. म्हणजे लागवडीच्या नेमक्या महिन्यांत उत्तरेच्या गॅलरीला ऊन मिळतं. पुण्यातही हे घडतं, पण साधारण मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंतच. सप्टेंबरनंतर कुंड्या दक्षिणेच्या किंवा पूर्वेच्या बाजूला हलवता आल्या तर उत्तम.

चौकात ऊन फक्त दुपारी उभं पडतं. तिथल्या कुंड्या दर आठवड्याला थोड्या फिरवा, म्हणजे झाड एका बाजूला झुकणार नाही.

कुंडी आणि माती

कंदांसाठी कुंडीची खोली आणि खालची भोकं सगळ्यात महत्त्वाची. १० ते १२ इंचांची कुंडी किंवा ग्रो बॅग बहुतेक कंदांना पुरते. फुटलेली बादली किंवा रंगाचा रिकामा डबाही चालेल. तळाला पेन्सिलएवढी पाच-सहा भोकं पाडा आणि कुंडी दोन विटांवर ठेवा, म्हणजे पाणी अडणार नाही.

ओली माती भरलेली १२ इंची कुंडी २० किलोच्या आसपास भरते. ती कठड्यावर कधीही ठेवू नका. खाली भिंतीच्या कडेला ठेवा. वादळाच्या दिवसांत हा नियम मोडायचाच नाही.

कावेरीकाठची माती सुपीक असते, पण चिकट. तीच नुसती कुंडीत भरली की पावसात चिखल आणि उन्हात वीट होते. दोन भाग माती, एक भाग जुनं शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग भरड वाळू असं मिश्रण करा. वाळू मिळाली नाही तर भाताचं तूस घाला. भाताच्या मुलखात राईस मिलमध्ये ते सहज मिळतं. कोकोपीट वापरणार असाल तर आधी दोन-तीनदा पाण्यात धुऊन घ्या, त्यातला खार निघून जातो. प्रत्येक कुंडीत मूठभर निंबोळी पेंड मिसळा.

कुंभकोणमच्या घरात डिग्री कॉफीचा चोथा रोज निघतो. तो थेट कुंडीत ओतू नका, वर घट्ट थर बसतो आणि बुरशी धरते. सुक्या पानांबरोबर कंपोस्टमध्ये टाका, खत छान होतं.

सुरुवात या चार कंदांनी करा

निशिगंध. फुलवाल्याकडे याचं तमिळ नाव ‘संपंगी’. मराठी माणसाला ते ऐकून चाफा आठवतो, पण सोनचाफ्याला तमिळमध्ये ‘शेण्बगम’ म्हणतात. सुवासासाठी एकेरी पाकळ्यांची जात घ्या. बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने काढलेल्या ‘शृंगार’ आणि ‘प्रज्वल’ या जाती एकेरीच आहेत. कंद दोन-तीन सेंटिमीटर जाडीचा आणि दाबून घट्ट लागणारा निवडा. त्याहून लहान कंदाला पहिल्या वर्षी नुसती पानंच येऊ शकतात. १२ इंची कुंडीत तीन कंद, टोक वर करून, चार-पाच सेंटिमीटर खोल लावा. एकदा भरपूर पाणी द्या आणि कोंब दिसेपर्यंत माती नुसती ओलसर ठेवा. साधारण तीन-चार महिन्यांत दांडा येतो. जूनमध्ये लावलेला निशिगंध नवरात्र-दिवाळीच्या सुमारास दरवळू लागतो.

पावसाळी लिली. सगळ्यात छोट्या जागेसाठी हीच. सहा इंची कुंडीत पाच-सहा कंद मावतात, खोली दोन-तीन सेंटिमीटर. कोरड्या दिवसांनंतर भरपूर पाणी मिळालं की ही फुलते. त्यामुळे तिला फसवताही येतं: एकदा रुजल्यावर दोन-तीन आठवडे पाणी तोडा आणि मग कुंडी चिंब भिजवा. बहुतेक वेळा आठवड्याभरात गुलाबी किंवा पांढऱ्या कळ्या वर येतात. मुलांना हा प्रयोग फार आवडतो.

हळद. दुकानातलं वाळलेलं हळकुंड लावू नका. ते उकडून वाळवलेलं असतं, त्यामुळे उगवत नाही. ओल्या हळदीचा डोळे असलेला तुकडाच बेणं म्हणून चालतो. एका १२ ते १५ इंची कुंडीत दोन तुकडे, पाच सेंटिमीटर खोल. दुपारच्या कडक उन्हात थोडी सावली मिळाली तर बरं. सात ते नऊ महिन्यांत पीक तयार होतं. महाराष्ट्रातले शेतकरी हळदीची ‘सेलम’ जात लावतात, ते नाव तमिळनाडूतल्याच सेलमचं. वाढीच्या दिवसांत एक-दोन पानं काढून पातोळ्या करा, झाडाला काही होत नाही.

अळू. बाजारात ‘सेप्पंकिळंगु’ म्हणून मिळणाऱ्या अळकुड्यांपैकी कोंब फुटलेली एक निवडा आणि बादलीत लावा. पाण्याचा कंटाळा नसलेला हा या चौघांतला एकटाच. म्हणून बादलीला तळाऐवजी तळापासून दोन इंच वर, बाजूने भोकं पाडा. खाली थोडं पाणी राहतं आणि जादाचं निघून जातं. नोव्हेंबरच्या संततधारेत बाकी कुंड्या आत घेताना ही बादली बाहेरच राहू द्या. सगळ्याच अळूची पानं सारखी नसतात, काहींना खाज जास्त असते. वडी किंवा फदफदं करताना चिंच घाला आणि पानं पूर्ण शिजवा.

आणि ट्यूलिप?

ऑनलाइन दुकानांत ट्यूलिपच्या कंदांचे फोटो बघून मोह होतोच. पण फूल येण्याआधी ट्यूलिपच्या कंदाला सुमारे १२ ते १६ आठवडे सलग थंडी लागते, तीही नऊ अंशांच्या खाली. श्रीनगरला ती मिळते. कुंभकोणमला जानेवारीच्या रात्रीही पारा २० अंशांच्या आसपास असतो.

फ्रिजमध्ये थंडी देऊन ट्यूलिप फुलवता येतो, पण सहसा एकदाच. दुसऱ्या वर्षासाठी कंदात शिदोरी साठायला थंड वसंत लागतो, तो आपल्याकडे नाही. करून बघायचंच असेल तर कंद कागदी पिशवीत ठेवा आणि त्याच कप्प्यात फळं ठेवू नका. पिकणाऱ्या फळांतून निघणाऱ्या वायूने आतली कळी मरते. याला एकदाच्या फुलांचा खर्च समजा, बाग समजू नका. महाराष्ट्रात ऑक्टोबरमध्ये विकतचे कंद लावायची हौस असेल तर ग्लॅडिओलस घ्या. पाऊस ओसरलेला असतो आणि पुढचे गार दिवस त्याला मानवतात.

घरात लहान मूल किंवा मांजर आहे?

हा भाग वाचल्याशिवाय कंद घरात आणू नका. पावसाळी लिली, मोठ्या लाल फुलांची अॅमरिलिस आणि नागदवणा यांचे कंद थेट कांद्यासारखे दिसतात आणि ते विषारी असतात. ते स्वयंपाकघरात, कांदा-लसणाच्या टोपलीजवळ कधीही ठेवू नका. पिशवीवर मोठ्या अक्षरांत ‘खायचे नाहीत’ असं लिहा आणि उंच जागी टांगा. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांनाही दाखवून ठेवा.

सगळ्यात जास्त जपायचं ते कळलावीला. तिच्या लाल-पिवळ्या, ज्वाळेसारख्या फुलाला तमिळमध्ये ‘सेंगांदळ’ म्हणतात आणि ते तमिळनाडूचं राज्यफूल आहे. दिसायला देखणी, पण तिचा प्रत्येक भाग विषारी आणि कंद तर जीवघेणा. लहान मुलांच्या घरात ती नकोच. फुलवाल्याकडच्या एशियाटिक आणि ओरिएंटल लिलीही मांजरांसाठी घातक असतात. अंगावर पडलेले परागकण मांजराने चाटले तरी त्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

कुणी चुकून कंद खाल्लाच तर घरी उलटी करवण्यात वेळ घालवू नका. कंदाचा उरलेला तुकडा किंवा झाडाचा फोटो घेऊन लगेच हॉस्पिटल गाठा.

आणि कुंडीखालच्या बशा. त्यातलं पाणी आठवड्यातून एकदा तरी ओतून बशी घासा. डेंग्यूचे डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतात.

कुंभकोणमचं वर्षाचं वेळापत्रक

या लेखाचा स्क्रीनशॉट घ्यायचा असेल तर इथे घ्या.

* फेब्रुवारी ते मे: हळदीचं बेणं सावलीत, कोरड्या वाळूत ठेवा. निशिगंधाचं पाणी कमी करा. दोन-तीन वर्षांत कुंडी भरली असेल तर कंद काढून वेगळे करा. माती उन्हात तापवून घ्या.
* जून, जुलै: लागवड. कंद संध्याकाळी लावा आणि वर सुक्या पानांचा थर द्या.
* ऑगस्ट, सप्टेंबर: दर १५ दिवसांनी मूठभर गांडूळखत. बोट दोन सेंटिमीटर मातीत घाला, कोरडं लागलं तरच पाणी द्या.
* ऑक्टोबर ते डिसेंबर: कुंड्यांची भोकं मोकळी आहेत ना, ते बघा. सलग पाऊस लागला की अळू सोडून बाकी कुंड्या पागोळ्यांपासून दूर, छपराखाली घ्या. वादळाचा इशारा आला की उंचावरच्या सगळ्या कुंड्या जमिनीवर.
* जानेवारी: हळदीची काढणी.

जानेवारीच्या या शेवटच्या ओळीसाठी एक कुंडी तरी हळदीची लावाच. पोंगलला तमिळ घरांत भाताच्या भांड्याच्या गळ्याला पानांसकट हळदीचं ओलं रोप बांधतात. त्याच दिवसांत आपली संक्रांत असते आणि पुढे रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू. जूनमध्ये लावलेली दोन तुकड्यांची एक कुंडी दोन्ही सणांना पुरते: एक रोप पोंगलच्या भांड्याला, दुसऱ्याची ओली हळद वाणाला. वाण देताना मैत्रिणीला सांगा, की यातला डोळे असलेला एक तुकडा जपून ठेव आणि जूनमध्ये लाव. तुमच्यासाठीही चार तुकडे बाजूला काढायला विसरू नका. पुढच्या जूनचं बेणं तेच.